मांडीवरची माता

हरभऱ्याला आंब असते. सकाळच्या दहिवरात झाड उपटलं की ती बोटांना लागते आणि मग दिवसभर हात चरचरतात. म्हणून आमच्याकडे बाया हातात जुने पायमोजे घालून हरभरा सोंगतात. त्या दिवशी मीही माझ्या पोराचे, मनोजचे, कॉलेजातले मोजे हातात चढवून तास, म्हणजे झाडांची एक ओळ, धरला होता. मालकीण असले तरी पहिला तास माझा असतो. बांधावर उभी राहून देखरेख करणारी मालकीण आणि बुजगावणं यांत मजूर बायांना काही फरक दिसत नाही.

वलगावच्या बाजूनं आभाळ भरून येत होतं. गारा पडल्या तर घाटे वावरातच फुटणार. मी बायांना हाकत होते, तेवढ्यात शेजारची गीतांजली बांधावर येऊन उभी राहिली. लांबच उभी राहिली.

"काकू, जवळ नाई येत मी. शिवमच्या आंगावर माय आली. रातभर ताप होता. सकाळी पाह्यलं तं पोटपाठ भरून आली."

शिवम म्हणजे तिचा अडीच वर्षांचा पोरगा. आमच्याकडे कांजण्यांना कांजण्या म्हणत नाहीत. अंगावर माता आली, माय आली, असं म्हणतात. एरवी मी म्हटलं असतं, येऊ दे माय, दाराला निंब लाव, फोडणी बंद कर, होईल थंड. पण माझ्या हातातली हरभऱ्याची मूठ तशीच राहिली. कारण आदल्याच दिवशी तो शिवम माझ्या सुनेच्या मांडीवर बसला होता, आणि सुनेला सातवा महिना होता.

त्याला तिथं बसवला होता मीच.

रीतच आहे ती. सातव्या महिन्याची ओटी भरली की गर्भारणीच्या मांडीवर एक गुटगुटीत लेकरू बसवायचं. जसं मांडीवर तसं पोटात, असं म्हणतात. रागिणी, म्हणजे माझी सून, म्हणाली होती, "आई, कोनतंही बसवा." मी म्हटलं, कोणतंही म्हणजे काय, वांगी घ्यायची तरी आपण देठ पाहतो. सगळ्या आळीतली पोरं नजरेखालून घालून मी शिवमला निवडला. गालांचे पेढे, मांड्यांना वळ्या. त्या दिवशी तो जरा किरकिर करत होता, आणि गालावर एक लाल पुळी होती. मला वाटलं डास चावला. एवढं गोजिरं पोरगं चारचौघीत बसणार, नजर लागायला नको, म्हणून मी त्या पुळीवरच काजळाचा टिक्का लावला. बायांनी कौतुक केलं, टिक्का कसा बरोबर जागी बसला. मग ओटीची गाणी संपेपर्यंत तो रागिणीच्या मांडीवर बसून होता. तिच्या हातातला लाडू अर्धा त्यानं खाल्ला, अर्धा चाटून तिला परत दिला. तिनं तो खाल्ला.

मी मोजे काढले आणि घराकडे निघाले. मागून एक बाई म्हणाली, "मनकर्णाबाई, तास अर्धा राह्यला." मी म्हटलं, "तुह्या नजरेले नाई दिसत व्हय? पुरा कर मंग."

घरी बातमी माझ्या आधी पोचली होती. रागिणी खाटेवर मोबाइल घेऊन बसली होती, तोंड पांढरं. बीएस्सी झालेली पोरगी, सगळं वाचून मोकळी झाली होती. आमचे हे, नत्थुजी, दाराला निंबाची डहाळी बांधत होते.

"आपल्या घरी नाई आली माय," मी म्हटलं.

"येऊन राहिली असन तं?" ते म्हणाले. "तिले घर सापडलं पायजे."

मी डहाळी उपटून फेकली. मग उचलून परत बांधली. माय आहे, तिचा अपमान नको.

मनोजनं गाडी काढली आणि आम्ही अमरावतीला रागिणीच्या डॉक्टरीणबाईकडे गेलो. तिथं नर्सनं विचारलं काय होतंय. मी म्हटलं, माता. ती दोन पावलं मागं सरकली आणि आम्हाला बाहेर टिनाखाली, जनरेटरजवळ बसवलं. पंचवीस एकरांची कास्तकारीण मी, लग्नात अहेर घेऊन आलेल्या लोकांना मी अंगणात बसवते. जनरेटर धडधडत होता आणि त्याचा धूर माझ्या नव्या लुगड्यावर येत होता. रागिणीचा एक हात पोटावर होता. दुसऱ्या हातानं बाही वर सारून ती आपलाच दंड सारखी पाहत होती, एखादी पुळी आली का म्हणून.

डॉक्टरीणबाईंनी आत बोलावलं. पोरीच्या वयाची बाई, पण बोलायला घट्ट.

"अजून काही झालेलं नाही, घाबरू नका. आधी हे सांगा, लहानपणी तुम्हाला कांजण्या झाल्या होत्या का?"

"माहीत नाही मॅडम. आई म्हणते, मला कधीच काही झालं नाही."

"लस?"

"आठवत नाही."

"एकदा होऊन गेल्या असतील तर सहसा परत होत नाहीत. मग काळजीचं कारण नाही. झाल्या नसतील, तर या दिवसांत आईच्या छातीला धोका असतो. फुफ्फुसात उतरतात. बाळंतपणाच्या तोंडावर आल्या तर बाळालाही त्रास होतो. मी रक्त घेते, पण ते नागपूरला जाईल, मध्ये सुट्ट्या आहेत. झाल्या नसतील तर एक इंजेक्शन लवकर द्यावं लागेल, ते बाहेरून मागवावं लागतं. म्हणून यांच्या आईला विचारा. अंदाजानं नको, खात्रीनं." मग माझ्याकडे वळल्या. "आणि ते आजारी मूल मांडीवर कोणी बसवलं?"

"रीत हाये," मी म्हटलं.

"रीत चालून आली होती का?"

मनोज छताकडे पाहू लागला. छताला काही नव्हतं.

गाडीत बसल्या बसल्या रागिणीनं माहेरी फोन लावला. तिची आई वच्छलाबाई, मूर्तिजापूरची, माझी विहीण. आमचं बोलणं बंद होतं. लग्नात तिनं मला बँडवाल्यांच्या नंतरच्या पंगतीत वाढलं होतं, आणि वांग्याची भाजी तोवर बुडाशी लागली होती. तेव्हापासून मी तिच्या घरचं पाणी प्याले नव्हते. पहिली ओटी माहेरी भरायची असा तिचा बेत होता. मला तो कळल्याबरोबर मी आधी भरून टाकली. तिला आमंत्रण दिलं, नाही असं नाही. आदल्या संध्याकाळी मोबाइलवर गणपतीचं चित्र पाठवलं आणि खाली वेळ. ती आली नाही. येऊ नये म्हणूनच तसं दिलं होतं.

"आई, मले लहानपनी कांजण्या झाल्या होत्या का?" रागिणीनं विचारलं.

"कोन विचारून राहिलं?"

"डॉक्टर."

"अन् बाजूले कोन बसली हाये?"

नेमका तेव्हाच मला ठसका लागला.

"माह्या पोरीले कधी काई झालं नाई," वच्छलाबाई फोनमध्ये मोठ्यानं म्हणाली. "तिचं आंग म्हंजे लोन्याचा गोया हाये. सांगून दे जिले सांगाचं तिले." फोन बंद.

रागिणीचे डोळे भरून आले. "म्हंजे नाईच झाल्या."

मला मात्र तो गोळा पटला नव्हता. मुलगी पाहायला गेले तेव्हा रागिणीला मी दारात उन्हाला उभी केली होती आणि हनुवटी धरून तोंड दोन्हीकडे फिरवून पाहिलं होतं. मी तशीच पाहते. शेंदूरजनाघाटची एक पोरगी कपाळावर मातेचे दोन वण होते म्हणून मी परत केली होती, आणि ही गोष्ट दोन जिल्ह्यांत सगळ्यांना माहीत होती, कारण ती मीच सांगितली होती. रागिणीच्या भुवईजवळ एक वण होता. मी विचारलं, हे काय? वच्छलाबाई म्हणाली, फोडणीतली मोहरी उडाली. मी म्हटलं, फोडणीजवळ लेकरू जाऊ कसं देता? ती म्हणाली, आमच्या घरची फोडणीच अशी असते, लेकरं धावत येतात.

आता त्या मोहरीनं माझा जीव घेतला होता. माझ्या भीतीनं ही बाई खोटं बोलली होती का? आणि बोलली असली तर आता खरं कसं काढायचं? झाल्या असल्या तर बरं, हे तिला सांगितलं की ती 'झाल्या' म्हणणार. नाही सांगितलं तर 'नाही' म्हणणार. माझं तोंड पाहून तिचं तोंड चालतं. खोट्या 'हो'वर भरवसा ठेवून सून गमावली तर त्या डॉक्टरीणबाईला मी काय सांगू, रीत चालून आली होती म्हणून?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मनोजला म्हटलं, "गाडी काढ. मूर्तिजापूरले जाचं हाये."

"तू?" तो म्हणाला. "आई, मी जातो न एकटा. मी विचारतो."

"तुले सासूनं एक गुलाबजाम वाढला की तू आपलं आडनाव विसरतो. चूप बस."

आभाळ तसंच होतं. अर्धा हरभरा उभा होता. नत्थुजींच्या हातात मी मोजे दिले आणि म्हटलं, पहिला तास तुम्ही धरा. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण असं तोंड मी त्यांचं पाहिलं नव्हतं.

वच्छलाबाई दारातच लसूण सोलत बसली होती. मला गाडीतून उतरताना पाहून तिच्या हातातली पाकळी मांडीवर पडली. समोरच्या घरातून दोन बाया बाहेर आल्या आणि काम नसताना झाडू लागल्या.

"कशी काय वाट चुकली, ईहीनबाई?"

"हरभरा झाला. म्हटलं जाऊन यावं."

"झाला? मनोजच्या बाबाचा आत्ताच रागिणीच्या बाबाले फोन आला होता. म्हने अर्धा उभा हाये अन् माह्याच्यानं वाकनं होत नाई."

एका माणसाला घरी ठेवून आले तर त्यानं एवढं केलं.

तिनं पाणी आणलं. तांब्याभांडं माझ्यासमोर धरून उभी राहिली. झाडणाऱ्या बायांचे झाडू थांबले. खारपाणपट्ट्यातलं पाणी ते, आमच्याकडे बैलाच्या तोंडाला लावलं तर बैल मान फिरवील. मी सगळं भांडं प्याले आणि म्हटलं, "आनखी द्या." वच्छलाबाईनं मनोजकडे पाहिलं, जशी काही मी आजारी होते.

रामराव, तिचे मालक, आत झोपाळ्यावर बसले होते. जिनिंगमध्ये काट्यावर कापूस मोजण्यात त्यांची सगळी नोकरी सरली. माणूस बोलका, पण घरात त्यांना बोलायला जागा मिळत नव्हती. मी त्यांच्या समोर जाऊन बसले. वच्छलाबाई लसूण पसरलेलं सूप घेऊन मागोमाग आली आणि मधोमध बसली.

"ओटी चांगली झाली म्हने," ती म्हणाली. "फोटो पाह्यले मोबाइलवर. मांडीवरचं लेकरू गोड हाये."

फोनवर रागिणीनं कारण सांगितलं नव्हतं. "हाये गोड," मी म्हटलं, आणि रामरावांकडे वळले. "कावून जी, तुमची तब्येत बरी हाये न? दाढी गुळगुळीत केली एकदम."

"रोज करतो बाई मी. नोकरीपासूनची सवय."

"आमच्या शेजाऱ्याची पंचाईत होऊन राहिली पाहा. त्याच्या पोट्ट्याच्या आंगावर माय आली. घरात माय असली की दाढी करता येत नाई मानसाले. अन् परवा त्याच्या साळ्याचं लगन. आता दाढी वाढवून वरातीत जाव काय बिचाऱ्यानं?"

शिवमच्या बापाला साळा नव्हता. पण रामरावांचा हात हनुवटीवर गेला.

"काय सांगू बाई," ते म्हणाले. "माह्यं बी तसंच झालं होतं."

"तुमी जा आत," वच्छलाबाई म्हणाली. "नळ आला."

"नळ संध्याकायी येते. ऐका तं बाई. माह्या लहान्या भावाचं लगन. मोठा भाऊ मी, फेटा बांधून पुढं चालाचं होतं. अन् दाढी इतकी. हिनं वस्तरा कुलपात ठेवला होता. माय कोपते म्हने. वऱ्हाड पोचलं, तं नवरीच्या मायले वाटलं ह्यायनं कोनी महाराज आनला संगं. पाया पडली न ती माह्या. नारळ देला. अन् मले म्हने, महाराज, पोरीले आशीर्वाद द्या."

मनोज हसायला लागला. मी त्याच्या पायावर पाय दिला.

"मंग? देला तुमी?"

"देला न. आता काय करन? चांगला संसार होऊन राहिला त्यायचा. तीन पोट्टे हायेत."

"पन कोनाच्या आंगावर होती माय?" मी अगदी हळू विचारलं.

"कोनाच्या म्हंजे? रागिणीच्या. नीट चालत बी नव्हती तवा. केसापासून तळव्यापर्यंत, तीळ ठेवाले जागा नव्हती. भुवईजवळची खपली तिनं नखानं काढली, तं..."

तिथं ते थांबले. बायकोकडे पाहिलं. झोपाळाही थांबला.

वच्छलाबाईनं हातातलं सूप खाली ठेवलं आणि उभी राहिली. मला वाटलं होतं ती रडेल, नाही तर पायाशी येईल. ती तशी बाई नव्हती.

"झालं समाधान?" ती म्हणाली. "जा आता, सांगा गावोगाव. खोटी बोलली मी. बोलली न. तुमी माह्या पोरीचं तोंड उन्हात धरून पाह्यलं, बाजारात ढोराचे दात पाह्यतात तसं. त्या शेंदूरजन्याच्या पोरीचं अजून लगन जमलं नाई, माहीत हाये? मंग काय सांगाव मायनं? आता सातव्या महिन्यात परत धाडता तं धाडा. मी दोघायलेही सांभाळतो."

एवढं माझ्या तोंडावर मला कोणी बोललं नव्हतं. एरवी मी दुप्पट परत केलं असतं. पण मी खुर्चीवरून घसरून खाली फरशीवर बसले आणि खांबाला धरलं.

"नक्की आली होती न?" मी विचारलं. "मायची शपथ? दुसरं काई नव्हतं न? घामोळं, गोवर?"

"अवो, मी सांगून राहिली न..."

"कोन्या महिन्यात? पान्याचे फोड होते? निंबाच्या पान्यानं न्हाऊ घातलं?"

"चैतात. फोड होते, पान्याचे, एक सुकला की दुसरा. न्हाऊ घातलं, दहीभात दाखवला. कावून? झालं काय तुमाले?"

मला रडू फुटलं. मी कोणासमोर रडत नाही, सासू गेली तेव्हाही पदर कोरडा होता. पण तिथं लसणाच्या टरफलात बसून मी रडले आणि मग सगळं सांगितलं. शिवम, मांडी, लाडू, डॉक्टरीणबाई, इंजेक्शन. सांगता सांगता काजळाचं पण बोलून गेले.

वच्छलाबाई ऐकत होती. आधी तिच्या तोंडाचा रंग उतरला, मग परत आला, आणि जास्त आला.

"तुमी बसवलं?"

"मी."

"पुळी दिसली होती?"

"दिसली."

"अन् तिच्यावर काजळ लावलं?"

"लावलं."

तिनं कपाळावर हात मारला आणि म्हणाली, "भैताड बाई."

सासरे वारल्यापासून मला असं कोणी म्हटलं नव्हतं. मी ऐकून घेतलं. मनोज दाराबाहेर गेला, झाडणाऱ्या बायांना सरका म्हणायला.

तिथूनच डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्यांनी वच्छलाबाईला सगळं उलटसुलट विचारलं, पोरगी केवढी होती, फोड कसे होते, घरात आणखी कोणाला झाल्या. रामरावांनी मध्ये तोंड घालून दाढीचंही सांगितलं. बाई हसल्या म्हणे. मग म्हणाल्या, बरं झालं, सध्या इंजेक्शन मागवत नाही, रिपोर्ट येईपर्यंत ताप किंवा पुळी दिसली तर लगेच या. पुढं रिपोर्ट आला तोही हेच बोलला. पण माझ्यासाठी वच्छलाबाईचा दीर आणि त्याची तीन पोरंच पुरेशी होती.

रागिणीला फोनवर सांगावं म्हटलं तर तिचा फोन लागेना. चार्जिंग संपेपर्यंत ती त्याच त्या कांजण्या वाचत बसलेली असणार. मी उठले. वच्छलाबाई आत गेली आणि पिशवी भरून घेऊन आली. पिशवीत शेवया, खारोड्या, आणि वर तिची चप्पल.

"मी येतो संगं," ती म्हणाली. "तुमच्या भरोशावर पोरगी ठेवून पाह्यली."

"पुढच्या शिटावर मी बसतो," मी म्हटलं.

"जावयाजवळ सासू बसते."

"ल्येकाजवळ माय बसते."

शेवटी दोघी मागं बसलो आणि पुढच्या सीटवर पिशवी बसली. बडनेऱ्यापर्यंत आम्ही बँडवाल्यांच्या पंगतीवर भांडलो. ती म्हणाली, वरमायला गरम वाढावं म्हणून थांबवलं होतं. मी म्हटलं, भाजी करपली होती. ती म्हणाली, गरमच होती न पण. अमरावती ओलांडल्यावर बाळंतपण कुठं करायचं यावर सुरू झालं, ते गावाची वेस येईपर्यंत संपलं नाही. मनोज आरशातून एकदाही मागं पाहत नव्हता. पोरगा शहाणा होत चालला आहे.

आभाळ फाकून मोकळं झालं होतं. घरासमोर गाडी थांबली तेव्हा नत्थुजी ओट्यावर कंबर धरून बसले होते, हातात मोजे तसेच. रागिणी दारात आली. तिनं मला उतरताना पाहिलं. मग माझ्या मागून तिच्या आईला उतरताना पाहिलं. आम्ही दोघी एका गाडीतून. तिनं दाराची चौकट धरली.

"आई," ती म्हणाली, आणि दोघींतल्या कोणाला म्हणाली ते तिलाही कळलं नसेल. "काय झालं? लय वाईट हाये का?"

मी तिच्याजवळ गेले आणि तिच्या पोटावर हात ठेवला. मोठ्यानं सांगितलं, गल्लीला ऐकू जाईल असं.

"काई वाईट नाई, माय. तुही आई खोटारडी निघाली. नारळ फोड."